ही मारामारी जॉर्डनच्या आधीची आहे
बूट कंपन्यांची खेळाडूंना करारबद्ध करण्याची चढाओढ १९८४ मध्ये, नाइकी आणि बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनपासून सुरू झाली असं म्हणतात, ते काही पटलं नाही. जॉर्डनने तिचं रूप पालटलं हे मान्य, पण मूळ भांडण जर्मनीतल्या हेर्झोगेनआउराख या छोट्या गावातल्या दोन सख्ख्या भावांचं. आदी आणि रुडॉल्फ डासलर १९४८ मध्ये वेगळे झाले. एकाची आदिदास, दुसऱ्याची प्युमा. (भाऊबंदकी फक्त आपल्याकडेच असते असं थोडंच आहे!)

जर्मन धावपटू आर्मिन हारीचा किस्सा तर अफलातून. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पठ्ठ्याने १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं प्युमा घालून, आणि पदक घ्यायला आला आदिदास घालून! दोन्हीकडून पैसे मिळतील असा हिशोब होता म्हणतात. झालं उलटंच, आदी डासलर त्याच्यावर कायमचा चिडला.

पुढे दोन्ही कंपन्यांनी 'पेलेच्या वाटेला कुणी जायचं नाही' असं ठरवलं, कारण बोली लागली असती तर दोघांचंही दिवाळं निघालं असतं. प्युमाने शब्द मोडला. १९७० च्या विश्वचषकात सामना सुरू होण्याआधी पेले खाली वाकून लेस बांधत बसला, आणि कॅमेरे थेट त्याच्या बुटांवर. एवढ्या स्वस्तात इतकी मोठी जाहिरात मला तरी दुसरी आठवत नाही.

बाकी जॉर्डनची नाइकीवरची निष्ठा म्हणाल तर १९९२ चं बार्सिलोना ऑलिंपिक आठवा: अंगात संघाचं, प्रतिस्पर्धी रीबॉक कंपनीचं जॅकेट, आणि त्यावरचा लोगो झाकायला खांद्यावर अमेरिकेचा झेंडा.