मराठा दिनाच्या बडाखान्याला येसर पाठवू का?

प्रश्न, धाराशिवहून: पोरगा मराठा लाइट इन्फंट्रीत कॅप्टन, सध्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर काँगोत. ४ फेब्रुवारीला, रेजिमेंटच्या मराठा दिनी, अधिकारी जवानांना बडाखाना, म्हणजे मोठं जेवण, देणार. "आई, येसर पाठव" म्हणतोय, म्हणजे आपलं आमटीचं भाजलेलं पीठ. टिकेल का हो तिकडं?

— टिकतं. गहू, हरभराडाळ, धणे कोरडे भाजून दळा. खोबरं नको, खवट होतं.

— ताई, मी औशाचा, निवृत्त सुभेदार. अशाच मोहिमेवर होतो, तेव्हा हवालदार. १६७० साली कोंढाणा सर झाला, तो हा दिवस! आमच्या बडाखान्याच्या रात्री साहेबांनी स्वतः बादली धरून आमटी वाढली. पहिल्याच भुरक्याला शेजारचा भूमचा पोरगा ताटावर मान घालून रडला. किलोभर जास्तच पाठवा.

— दादा, डाळ आत्ताच भाजायला घेतली.