मदत हवी आहे : वाटणीच्या वादात मध्यस्थाची फी कोणी भरायची?

साखर पेठेतलं वडिलांचं घर आणि मागे चार यंत्रमागांची शेड, यावरून धाकट्या बहिणीशी वाद आहे. दावा अजून दाखल नाही आणि मला तो करायचाही नाही. आठ महिने शेड बंद आहे, एका मागावर अर्धी विणलेली चादर तशीच आहे. ती बघवत नाही.

मामांनी दोनदा बैठक घेतली, जमलं नाही. एक खासगी मध्यस्थ प्रत्येक बैठकीचे ६,००० रुपये मागतात, वर टायपिंग वेगळं. २०२३ च्या मध्यस्थता कायद्यात, वेगळं ठरलं नसेल तर खर्च दोघांनी निम्मा-निम्मा करायचा, असं वाचलं. पण बहिणीकडे आत्ता पैसे नाहीत. सगळे मीच भरले तर मध्यस्थ माझ्या बाजूचा, असं तिला वाटेल, आणि ते साहजिकच आहे.

महिला म्हणून तिला विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही, हे माहीत आहे. दोघांचीही बोलणी करायची तयारी आहे, कागदपत्रं पूर्ण आहेत.

सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व मध्यस्थी कोणी केली आहे का? अर्ज मी केला तर मलाही फी लागत नाही ना?