मेडिकल लायब्ररीत इंटर्नशिप चालू आहे, बायोलॉजी शिकलेली नाही. डॉक्टरांना लेख शोधून कसे द्यायचे?

प्रश्न (एम.लिब. विद्यार्थिनी, काटोल)

नमस्कार मंडळी. बी.ए.ला मराठी साहित्य होतं, आता नागपुरात एम.लिब. करते. इथल्याच एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत ६ आठवड्यांची इंटर्नशिप आहे. काटोलहून एसटीनं रोज जाऊन-येऊन करते. आज १७वा दिवस.

पहिले १५ दिवस लेबलं लावली. नागपूरच्या उन्हात जुना गोंद सुटतो आणि पुस्तकांची लेबलं गळून पडतात. ॲक्सेशन रजिस्टरशी, म्हणजे पुस्तकांच्या नोंदवहीशी, नंबर ताडायचा, नवं लेबल लावायचं, पुस्तक जागेवर. त्याबद्दल तक्रार नाही. वर्गात पुस्तकांच्या वर्गीकरणाची ड्युई पद्धत शिकलो होतो, इथं एनएलएमचं, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं वर्गीकरण आहे. ॲनाटॉमी क्यूएस, फार्माकॉलॉजी क्यूव्ही, लहान मुलांचे आजार डब्ल्यूएस, बाळंतपण डब्ल्यूक्यू. लेबलं लावता लावताच पाठ झालं.

मंगळवारी मात्र चुकलं. काउंटरवर मी एकटीच होते. गायनॅकच्या एक पीजी मॅडम रात्रीची ड्युटी संपवून थेट आल्या. "थिसिससाठी सिकल सेल आणि प्रेग्नन्सीवरचे लेख काढून ठेवा, दुपारी नेते." मी पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, ते शब्द टाकले. हजारोंनी लेख निघाले. घाबरून पहिले २० छापले. मॅडमनी चाळले आणि म्हणाल्या, "यातले बरेच नवजात बाळांच्या तपासणीचे आहेत. असू द्या." रागावल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं.

माझ्या चुलत बहिणीला सिकल सेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार आहे. दुखणं उठलं की तिचे हात-पाय कसे आखडतात ते मी लहानपणापासून पाहिलंय. त्याच विषयावर मला नीट काही देता आलं नाही, हे मनातून जात नाही. अजून साडेतीन आठवडे आहेत. काय शिकू?

उत्तर १ (नेट-सेटवाला)

ताई, एवढं मनावर नका घेऊ. सर्टिफिकेट मिळाल्याशी मतलब. फावल्या वेळात सेटचे जुने पेपर सोडवा.

उत्तर २ (निवृत्त ग्रंथपाल, धंतोली)

वरच्या भाऊंशी मी सहमत नाही. बाई, तू शोधायची घाई केलीस, विचारायचं राहिलं. बायोलॉजीचा इथं फारसा संबंध नाही. कागद घेऊन दोन मिनिटं समोर उभं राहायचं आणि विचारायचं: आई स्वतः आजारी आहे, म्हणजे एसएस, की नुसती वाहक, एएस? आईला होणारा त्रास हवा की बाळाची वाढ? भारतातलेच अभ्यास हवेत का? किती वर्षांचे?

मग मेश, म्हणजे पबमेडच्या विषयशीर्षकांची ठरलेली यादी, उघड. लेखक 'सिकल सेल डिसीज' लिहो की आणखी काही, पबमेडमध्ये त्या लेखांना एकच विषयशीर्षक दिलेलं असतं: 'ॲनिमिया, सिकल सेल'. वाहकांचं 'सिकल सेल ट्रेट' त्याच्याच पोटात येतं, म्हणून फक्त आजारी आया हव्या असतील तर ते वेगळं काढावं लागतं. गरोदरपणासाठी 'प्रेग्नन्सी कॉम्प्लिकेशन्स, हिमॅटॉलॉजिक' हे शीर्षक आहे. दोन्ही 'अँड'नं जोड. अगदी ताज्या लेखांना कधी कधी शीर्षक लागलेलं नसतं, ते शब्दांनीच शोधावे लागतात. तेव्हा 'ॲनिमिया'चं ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही स्पेलिंग 'ऑर'नं घाल. केलेला शोध तारखेसह लिहून ठेव, थिसिसच्या मेथड्समध्ये तो लागतो.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये वाचकाचा वेळ वाचवा असा नियम सांगितला. रात्रपाळी करून आलेल्या डॉक्टरइतका तो कुणाला लागू होत नाही.

उत्तर ३ (पीजी, मेडिसिन)

आम्हालाही मेश कुणी बसून शिकवत नाही हो. यादी देताना प्रत्येक लेखापुढं पूर्ण लेख मिळतो की नुसता गोषवारा, एवढं लिहा. संदर्भ व्हँकुव्हर पद्धतीत, म्हणजे वैद्यकीय लेखनातल्या क्रमांकांच्या रीतीनं दिले तर आमची एक रात्र वाचते.

प्रश्नकर्ती

काकांनी सांगितलेले प्रश्न वहीत लिहिले आणि आज ओपीडी संपल्यावर मॅडमना गाठलं. त्यांना एसएस आया आणि कमी वजनाची बाळं हवी होती, तीही भारतातल्या अभ्यासांतली. मंगळवारी हे विचारलंच नव्हतं मी. गोषवारे एकेक वाचून १७ लेख काढले. मॅडम तिथंच खुर्ची ओढून बसल्या आणि दोनांवर पेनानं खुणा केल्या. १२ पूर्ण मिळालेत, ५ पैशांअभावी अडलेत. ते कुठून मिळतील?

उत्तर २ (निवृत्त ग्रंथपाल, धंतोली)

आधी पबमेड सेंट्रल बघ, तिथं फुकट असतात. नाही मिळाले तर लेखकाच्या पत्त्यासोबत त्याचा ईमेल पुष्कळदा असतो, कॉलेजचं नाव घालून दोन ओळी लिही. पुष्कळ जण पाठवतात. तरी राहिलेच तर तुमच्या ग्रंथपालांना सांग, दुसऱ्या मेडिकल लायब्ररीतून मागवता येतात. मागणीपत्रात खंड, अंक आणि पानं नीट लिही, नाहीतर भलताच लेख येतो.