दादासाहेब मावळणकर: खुर्चीचा मान राखणारे की पक्षाचे?

जुना_कारकून
काल इथे एकाने लिहिलं, "मावळणकर म्हणजे काँग्रेसच्या कृपेने खुर्चीत बसलेला वकील." लोकसभेच्या पहिल्या अध्यक्षांबद्दल हे वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो. १९१३ला अहमदाबादेत वकिली सुरू केली, मग नगरपालिका, चळवळ, तुरुंग. १९३७ला मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. जानेवारी १९४६ला मध्यवर्ती विधानसभेचं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या केंद्रीय कायदेमंडळाचं, अध्यक्षपद सर कावसजी जहांगीर यांच्याविरुद्ध ६६-६३ असं जिंकलं. ३ मतांनी! ही कृपा? आणि पंतप्रधान आपल्याच पक्षाचे असताना त्यांना पत्र लिहून संसदेला न विचारता ऊठसूट अध्यादेश काढण्याला विरोध केला. आज कोण लिहील असं पत्र?

मागचा_बाक
ते वाक्य माझंच. पत्र लिहून अध्यादेश थांबले का, ते सांगा. विठ्ठलभाई पटेलांनी १९२५ला त्याच मध्यवर्ती विधानसभेच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसताच स्वराज्य पक्ष सोडला. मावळणकरांनी काँग्रेस सोडली नाही. स्थगन प्रस्ताव, म्हणजे ठरलेलं कामकाज थांबवून तातडीच्या प्रश्नावर चर्चा मागणं, हे विरोधकांचं हत्यार. आता सरकार आपलंच आहे, म्हणत यांनी त्याची धार घालवली. १८ डिसेंबर १९५४ला त्यांना हटवण्याचा ठराव लोकसभेत आला, तो उगाच नाही.

जुना_कारकून
ठराव आला आणि फेटाळला गेला, हेही लिहा की. अर्धंच का सांगता?

मागचा_बाक
बहुमत कुणाचं होतं? फेटाळणारच.

भीमाकाठ
१९५२ला लोकसभेच्या अध्यक्षपदासाठी त्यांच्यासमोर शेकापचे शंकरराव मोरे उभे होते, आमच्या सोलापूरचे. ३९४ विरुद्ध ५५. हरणार हे माहीत असून उभे राहिले, त्यांचं नाव कुणी घेत नाही. मावळणकरांचं कौतुक मात्र "आपला मराठी माणूस" म्हणून. अहो, हयात अहमदाबादेत गेली, तुरुंगातल्या अनुभवांवर पुस्तक लिहिलं तेही गुजरातीत. आपले कसे?

संगमेश्वरी
मूळ गाव मावळंगे, संगमेश्वर तालुका. शाळेची सुरुवात राजापुरात. आडनावातच गाव आहे, अजून काय दाखला हवा?

भीमाकाठ
आडनावावर माणूस ठरतो होय? मग निम्मा देश कुठला कुठला निघेल.

बडोदेकरीण
भीमाकाठ, हे मला लागलं. मावळणकरांचा जन्मही बडोद्याचाच. मी तिथेच वाढले. घरात मराठी, ओट्यावर गुजराती. लग्न होऊन पुण्याला आले तर पहिल्याच हळदीकुंकवाला एक बाई म्हणाल्या, "तुमचं मराठी गुजराती वळणाचं हो." हातातली वाटी तशीच राहिली. तिकडे आम्ही दक्षिणी, इकडे गुजराती. माझी आजी शेवटपर्यंत मोडी वाचायची, ती कुणाची? माणूस जिथे राहतो तिथल्या भाषेत लिहितो, म्हणून घरची भाषा मरत नाही.

भीमाकाठ
ताई, तुम्हाला दुखवायचं नव्हतं. पण मोऱ्यांची आठवण कुणी काढत नाही हे माझं दुखणं आहे, ते खोटं नाही.

बडोदेकरीण
मग मोऱ्यांवर लिहा ना. त्यासाठी आम्हाला परकं कशाला करता?

संगमेश्वरी
बरोबर बोलल्या.

जुना_कारकून
मूळ मुद्द्यावर या. मी ६ वर्षं आमच्या सोसायटीचा अध्यक्ष होतो. एका वार्षिक सभेत पार्किंगवरून माझ्या सख्ख्या मेव्हण्याला खाली बसवावं लागलं. बसवलं. दिवाळीला तो घरी आला नाही. ४० जणांच्या सभेत हे होतं, तर त्या सभागृहात काय होत असेल? आणि पक्ष सोडण्याचं म्हणाल, तर पुढच्या निवडणुकीत अध्यक्षाविरुद्ध उमेदवार देऊ नये हा संकेत पक्षांनी पाळायला हवा, तो आपल्याकडे रुजला नाही. पक्षही सोडायचा आणि एकट्याने लढायचंही?

मागचा_बाक
संजीव रेड्डींनी १९६७ला लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर पक्ष सोडलाच ना? जमत नाही असं नाही, मावळणकरांनी केलं नाही. मेव्हण्याला बसवणं सोपं, पंतप्रधानांना बसवा.

जुना_कारकून
१९५३ची सरकारी आश्वासन समिती कुणाच्या काळातली? मंत्री उठतो, "माहिती मागवली आहे, सभागृहापुढे ठेवू" म्हणतो आणि बसतो. पूर्वी तिथेच संपायचं. समिती आल्यावर ते वाक्य नोंदलं जाऊ लागलं, मंत्र्याच्या मागे तगादा लागू लागला. हे पक्षाच्या माणसाचं काम?

मागचा_बाक
समिती मान्य. ती चांगलीच झाली. "कृपेने" हा शब्दही मागे घेतो, ६६-६३ मला ठाऊक नव्हतं. पण स्थगन प्रस्तावाचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.