गच्चीवरचा सिनेमा

देशमुख (ए-१०४): नमस्कार. शनिवारी गच्चीवर २२ खुर्च्या नेल्या, खाली १९ आल्या. ज्यांच्याकडे असतील त्यांनी कृपया आणून ठेवाव्यात. शिवाय पावणेअकरापर्यंत कुणीतरी विव्हळत होतं.

निखिल (बी-३०२): काका, ते ब्लूज होतं, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दुःखाचं गाणं 🙏

पाटील वहिनी (बी-२०१): गाण्यांचा सिनेमा म्हणून बोलावलंस रे. पोरं अर्ध्या तासात खाली. दादा कोंडके लावायचे ना!

साठे (सी-४०१): मागे कोंडके लावल्यावर तक्रार कुणी केली होती वहिनी? 😄

पाटील वहिनी: तो विषय वेगळा होता.

देशमुख: २२ नेल्या, १९ आल्या.

निखिल: वहिनी, सांगण्यात माझी चूक, मान्य. पण विम वेंडर्स हा जर्मन दिग्दर्शक म्हटलं की सगळे त्याच्या क्यूबातल्या म्हाताऱ्या गवयांवरच्या 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब'पाशीच थांबतात, २००३ चा हा 'द सोल ऑफ अ मॅन' कुणी बघतच नाही. काका, तुमचा 'विव्हळणारा' म्हणजे स्किप जेम्स. १९३१ ला रेकॉर्डिंग केलं, मंदीत खपलं नाही, गडी गायब. थेट १९६४ ला मिसिसिपीतल्या हॉस्पिटलात सापडला! ती जुनी फिल्म वाटते ना, ती खरी नाही. वेंडर्सने हाताने फिरवायच्या जुन्या कॅमेऱ्यावर नट घेऊन काढलीय. मी आधी फसलो होतो.

साठे: मला तो झेब्रा कोटवाला आवडला.

निखिल: जे. बी. लेनॉर. अलाबामातला वर्णद्वेष, व्हिएतनामचं युद्ध यांवर गाणी करायचा. ३८ व्या वर्षी गेला.

साठे: अरेरे. कोट भारी होता पण.

कुलकर्णी काकू (ए-३०३): मी शेवटपर्यंत बसले होते. तो आंधळा विली जॉन्सन, गाण्याला शब्दच नाहीत, नुसता हुंकार आणि गिटारवर घसरत जाणारा सूर. १९७७ ला व्हॉयेजर यानाबरोबर तबकडीवर घालून अंतराळात पाठवलं ते. त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकर आहेत, भैरवी. शनिवारी मला मधूनमधून त्याच ऐकू येत होत्या.

साठे: दोघं एकाच यानात? डिझेल कुणी भरलं? 😂

कुलकर्णी काकू: साठे, तुम्ही घोरत होतात. सुरात होतं, म्हणून उठवलं नाही.

पाटील वहिनी: 😂😂 केसरबाईंचं आधी सांगितलं असतं तर थांबलो असतो हो.

देशमुख: चर्चा छान आहे. २२ नेल्या, १९ आल्या.

कुलकर्णी काकू: एक माझ्याकडे आहे भाऊजी. गुडघ्यामुळे जिन्यात टेकायला घेतली होती, संध्याकाळी पाठवते. निखिल, पहिला अर्धा तास परत लावशील का? प्रसाद करण्यात माझा गेला.

देशमुख: हरकत नाही वहिनी. आवाज कमी ठेवावा. २२ नेल्या, २० आल्या.