नमुना म्हणून फुकट लेख मागणाऱ्याला सरळ नकार द्यावा का?

कोरा_कागद (धागाकर्ती)
गेल्या आठवड्यात लेखनकामाच्या एका जाहिरातीला अर्ज केला. दोन तासांत उत्तर: "प्रोफाइल आवडलं. पाठदुखीवर १२०० शब्दांचा नमुना लेख परवापर्यंत पाठवा. निवड झाली तर महिन्याला वीस लेख." अर्जात माझ्या प्रसिद्ध झालेल्या तीन लेखांचे दुवे होते. ते कुणी उघडलेही नव्हते, हे उत्तरावरूनच कळत होतं. मी नाही म्हणून कळवलं. आता घरी रोज ऐकतेय की हातात आलेलं काम घालवलं.

माझं मत: जसाच्या तसा छापता येईल असा पूर्ण लेख फुकट मागणं म्हणजे निवड नव्हे, लेख गोळा करायची युक्ती. वीस जणांना वीस विषय द्यायचे, काम एकालाही द्यायचं नाही, साइट मात्र भरून निघते. अपवर्कसारख्या फ्रीलान्स कामं मिळवून देणाऱ्या मंचावर कराराआधी फुकट काम मागणं नियमातच बसत नाही, तक्रार करता येते. मग बाहेरच्या जाहिरातींचे लाड कशाला?

मीटर_चालू
सहमत. फक्त आता कुणी सुताराचं आणि फुकट खुर्चीचं उदाहरण देऊ नका, प्रत्येक धाग्यात तेच असतं.

लाल_पेन
असहमत. मी लेखक निवडण्याचं काम बरीच वर्षं केलंय, त्यामुळे थोडं लांबेल.

तुम्ही म्हणता दुवे पाहा. पाहते की. एका जाहिरातीला दीडशे अर्ज येतात. काहींचे दुवे चक्क दुसऱ्याच्या लेखांचे निघतात. काहींचे लेख खरंच त्यांचे असतात, पण संपादकाने एवढे घासूनपुसून घेतलेले की मूळ लेखक कसा लिहितो याचा पत्ता लागत नाही. त्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि अर्जाची पत्रंही एकाच साच्यातली यायला लागली. एआयचा मजकूर ओळखणाऱ्या साधनांवर भरवसा ठेवायचा म्हटलं, तर चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये आणलेलं साधन अचूकता कमी म्हणून जुलैत मागे घेतलं. मग मी माणूस ओळखायचा कसा?

आणि "पूर्ण लेख आधी द्यायचाच नाही" हा नियम तरी कुठला? विनोदी लेख, ललित, स्वानुभव हे सगळं संपादक आधी पूर्ण वाचतात आणि मगच घ्यायचं की नाही ते ठरवतात. चार ओळींच्या प्रस्तावावर काम मिळतं ते मुख्यतः माहितीपर किंवा वार्तांकनाच्या लेखनाला.

कोरा_कागद
@लाल_पेन, ललित लेख मी माझ्या विषयावर, माझ्या मर्जीने लिहिते. एकाने नाकारला तर दुसरीकडे पाठवते. त्यांनी सांगितलेल्या विषयावर, त्यांच्या शीर्षकासह, त्यांना हवे ते शब्द पेरून लिहिलेली पाठदुखी मी कुठे विकू? दोन्ही एका मापाने मोजू नका.

लाल_पेन
हा मुद्दा मान्य. पण चाचणीच नको, हे नाही. आम्ही सगळ्या अर्जदारांना एकच विषय देतो, आणि तोही आमच्याकडे आधीच छापून झालेला. म्हणजे तो लेख वापरायचा म्हटला तरी आम्हाला वापरता येत नाही. लांबी ३०० शब्द. खरा संपादक आणि लेख गोळा करणारा, यांतला फरक इथेच कळतो: विषय सगळ्यांना सारखा आहे का, लांबी नमुन्यापुरती आहे का, आणि मागणाऱ्याने स्वतःचं नाव सांगितलंय का.

मीटर_चालू
मग ३०० शब्दांचे पैसेही द्या की.

लाल_पेन
दीडशे जणांना? नाही परवडत. शेवटच्या तिघांना पूर्ण लेख देतो, त्याचे ठरलेल्या दराने पैसे देतो, निवड होवो न होवो.

मीटर_चालू
तुम्ही सज्जन आहात हो, पण नियम सज्जनांकडे बघून करायचे नसतात. नवख्याला समोरच्याचं मन वाचता येत नाही. म्हणून माझा सल्ला कायम एकच: सुरुवातीला मंच सोडून बाहेर पडूच नका. अपवर्कच्या ठरावीक रकमेच्या कामात ग्राहकाचे पैसे आधी एस्क्रोत, म्हणजे काम होईपर्यंत मध्यस्थाच्या ताब्यात, जमा होतात. काम रीतसर सादर केल्यावर तो १४ दिवस गप्प बसला, तर ते आपोआप तुमच्याकडे येतात. फक्त एस्क्रो भरल्याचं दिसेपर्यंत एक ओळही लिहायची नाही. आणि करार व्हायच्या आधीच "टेलिग्रामवर या, तिथे बोलू" म्हणाला की समजायचं, या माणसाला साक्षीदार नकोय.

शाईचा_डाग
मंचाची भलामण आवरा थोडी. अपवर्कवर अर्ज करायचा तर कनेक्ट्स नावाची टोकनं लागतात, ती संपली की विकत घ्या. काम मिळालं की कमिशन. फायव्हर या दुसऱ्या मंचावर तर २० टक्के सरळ कापून. प्रकाशनाच्या धंद्यात जुनं शहाणपण आहे की पैसा लेखकाकडे वाहायला हवा, लेखकाकडून नव्हे. इथे काम मिळायच्या आधीच माझा खिसा गळतोय. मी वर्षभर बोली लावून जे मिळवलं नाही, ते एकेका व्यवसायातल्या लोकांसाठी निघणाऱ्या बारा मासिकांच्या संपादकांना थेट पत्रं लिहून मिळालं. बारापैकी दोघांनी उत्तर दिलं, एकाने काम दिलं, आणि तो एक अजून टिकलाय.

फुकट नमुना? त्यांनी मागितलाच नाही. मी पत्रातच त्यांच्या वाचकांना लागू पडेल असा विषय आणि सुरुवातीचा परिच्छेद दिला होता.

नवा_भिडू
मोठ्यांच्या भांडणात मध्येच बोलतोय. मी तर याच्याही पुढे गेलोय. "घरबसल्या टायपिंग व लेखन" म्हणून काम मिळालं, आधी नोंदणी शुल्क भरलं. पानंच्या पानं टाइप करून दिली, तर म्हणे चुकांचं प्रमाण जास्त, करारभंग झाला, दंड भरा. मग व्हॉट्सअॅपवर वकिलाची नोटीस. रात्रभर झोप नव्हती.

लाल_पेन
@नवा_भिडू, दंड भरला नाहीस ना? ही जुनी चाल आहे. त्यांचा धंदा लेखनाचा नसतोच, शुल्क आणि दंड हाच धंदा. पावती, संदेश, ती नोटीस सगळं जपून ठेव आणि सायबर पोलिसांकडे तक्रार कर.

नवा_भिडू
नाही भरला. नंबर ब्लॉक केला. महिना झाला, काही आलं नाही.

स्वल्पविराम
अवांतर नाही, पण कुणी बोललंच नाही म्हणून: नमुना लिहून पाठवला तरी कॉपीराइट तुमचाच असतो. कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय बर्न करार १८८६ चा आहे. त्यातल्या देशांत लेख लिहिताक्षणीच हक्क मिळतो, नोंदणीची अट नाही. पैसे न देता त्यांनी लेख लावला, तर साइट ज्या होस्टिंग कंपनीकडे असेल तिला हटवण्याची नोटीस धाडता येते. म्हणून नमुना ईमेलनेच पाठवा, आणि वर एक ओळ लिहा: केवळ मूल्यमापनासाठी. आठवड्या-दोन आठवड्यांनी त्यातलं एखादं विचित्रसं वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. माझं एकदा सापडलं होतं, दुसऱ्याच कुणाच्या नावाखाली.

शाईचा_डाग
आणि नोटिसा धाडण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात आणखी दोन लेख होतात.

स्वल्पविराम
होतात. पण तो लेख साइटवरून काढला गेला त्या दिवशी जी झोप लागली, ती दोन लेखांनी आली नसती.

कोरा_कागद
@लाल_पेन, तुमच्या तीन प्रश्नांवरून काल रात्री त्या जाहिरातवाल्यांना परत लिहिलं. विषय सगळ्यांना हाच आहे का, ३०० शब्द चालतील का, आणि लेख कोण वाचणार त्यांचं नाव काय, एवढंच विचारलं. सकाळी उत्तर आलं: "काम हवंय की चौकशी करायचीय?"

मीटर_चालू
घरच्यांना दाखवलंत का हे?

कोरा_कागद
दाखवलं. आई म्हणाली, नीट विचारलं असतंस तर बोलले असते.