मदत हवी आहे: प्रोस्टेट कॅन्सर पसरण्यात ईझेडएच२ हे एन्झाइम नेमकं काय करतं?

नमस्कार मंडळी,

माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. प्रोस्टेटचा कॅन्सर कंबरेच्या मणक्यांत उतरलाय. हार्मोन दाबणारं इंजेक्शन चालू आहे, सोबत ॲबिराटेरोन (शरीरात पुरुषी हार्मोन तयार होणं रोखणारी गोळी). टेस्टोस्टेरोन अगदी तळाला आहे, तरी पीएसए (प्रोस्टेटच्या आजाराचा अंदाज देणारं रक्तातलं प्रथिन) पुन्हा चढू लागलाय. डॉक्टरांनी फाइलवर ‘कॅस्ट्रेशन रेझिस्टंट’ (म्हणजे हार्मोन दाबूनही वाढणारा) लिहिलं आणि ईझेडएच२ला अडवणाऱ्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत, एवढं सांगितलं. बाहेर रांग होती, पुढे विचारायला सवड मिळाली नाही. उपचार काय घ्यावेत हे इथे विचारत नाहीये, ते डॉक्टरच ठरवतील. आत काय चाललंय ते मात्र मला समजून घ्यायचंय.

वाचून जे कळलं ते असं. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यातल्या एच३च्या २७व्या लायसिनवर (प्रथिनाच्या साखळीतलं एक अमिनो आम्ल) ईझेडएच२ तीन मिथाइल गट (छोटे रासायनिक गट) चढवतं. हे काम ते पीआरसी२ नावाच्या प्रथिनसमूहात राहून करतं. ही खूण पडली की तिथला जीन गप्प होतो, त्यातलं एक अक्षरही न बदलता. अशा गप्प होणाऱ्यांत ई-कॅडहेरिनचा जीन आहे. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं हे प्रथिन घटलं की पेशी सुटी होऊन वाट काढू शकते. डीएबी२आयपी हा दुसरा जीन. तो बंद पडला की रास आणि एनएफ-कप्पा-बी या दोन्ही संदेशवाटांवरचा लगाम सुटतो. मिशिगन विद्यापीठातल्या गटाने २००२मध्येच दाखवलं होतं की ग्रंथीपुरत्या मर्यादित गाठींपेक्षा पसरलेल्या कॅन्सरमध्ये ईझेडएच२ जास्त असतं.

इथवर ठीक. पण २०१२मध्ये बोस्टनच्या डाना-फार्बर कॅन्सर संस्थेतून आलेल्या कामाने माझा गोंधळ उडालाय. कॅस्ट्रेशन रेझिस्टंट पेशींत ईझेडएच२च्या २१व्या सेरीनवर (हेही एक अमिनो आम्ल) फॉस्फेट बसतं आणि मग ते पीआरसी२ला सोडून अँड्रोजन रिसेप्टरच्या (पुरुषी हार्मोन पकडणारं पेशीतलं प्रथिन) जोडीने जीन चक्क चालू करतं! बाबांच्या आजाराचा टप्पा हाच, म्हणून हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आता प्रश्न:

१. या दुसऱ्या कामालाही मिथाइल चढवणारा भाग शाबूत लागतो म्हणे. मग तिथे मिथाइल चढतो कशावर? हिस्टोनवर नसेल तर रिसेप्टरवरच का?

२. टॅझेमेटोस्टॅटसारखी ईझेडएच२ला अडवणारी औषधं त्यावरची मिथाइल देणाऱ्या एसएएम या रेणूची जागा अडवतात. त्याने दोन्ही कामं सारखीच थांबतात, की जीन चालू करणारं काम काही अंशी उरतं?

३. मेव्हरोमेटोस्टॅट या ईझेडएच२ला अडवणाऱ्या औषधाची एन्झाल्युटामाइडसोबतची (अँड्रोजन रिसेप्टरला अडवणारं औषध) एक चाचणी ॲबिराटेरोन घेऊन झालेल्या रुग्णांसाठी आहे. एन्झाल्युटामाइडची जोड का लागते? ईझेडएच२ दाबल्यावर पेशी पुन्हा हार्मोनच्या औषधांना दाद देऊ लागते, असं समजायचं का?

४. बाबांची बायोप्सी निदानाच्या वेळची, ग्रंथीतली आहे. त्या ब्लॉकवर (मेणात जपून ठेवलेला बायोप्सीचा तुकडा) ईझेडएच२ तपासून आज मणक्यांत असलेल्या पेशींबद्दल काही कळेल का?

इथे कुणी प्रयोगशाळेत हिस्टोनवर काम केलेलं असेल, ऑन्कोलॉजी किंवा पॅथॉलॉजीत असेल, तर कृपया सविस्तर लिहा. तांत्रिक भाषा चालेल, अडलं तर परत विचारेन. पुढची ओपीडी जवळ आलीये, आणि चौथा प्रश्न डॉक्टरांना विचारण्याजोगा आहे की नाही एवढं आधी कळलं तरी फार मदत होईल.